टाकाऊ शासकीय संगणक : मालकी, कायदा आणि कर्तव्य

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणक हे यंत्र महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात चांगलेच रुळले आहे. २००४ च्या अखेरीस केंद्र शासनाने शाळांमधील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची योजना हाती घेतली आणि माध्यमिक शाळांमधून संगणक-कक्ष उभे राहू लागले. २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे ग्रामपंचायतींचा कारभार संगणकावर येऊ लागला. तहसील कचेरी, पंचायत समिती, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रंथालय, यांपैकी संगणकाविना चालणारे कार्यालय आज शोधूनच काढावे लागेल.

यंत्र आले की त्याचे वार्धक्यही ओघाने आलेच. संगणकाचे वैशिष्ट्य असे की, तो झिजून बंद पडण्यापूर्वीच पुष्कळदा जुना ठरतो. ‘विंडोज एक्सपी’ या प्रणालीसाठी मिळणारी सुरक्षाविषयक मदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. ‘विंडोज ७’ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि ‘विंडोज १०’ ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. अशा प्रत्येक तारखेबरोबर चालू स्थितीतील कितीतरी यंत्रे केवळ नव्या प्रणालीचा भार पेलत नाहीत म्हणून अडगळीत गेली. जिन्याखाली, व्हरांड्याच्या कोपऱ्यात, कुलूप नसलेल्या खोलीत संगणकांचे ढीग साठले. पावसाचे पाणी झिरपते, उंदीर तारा कुरतडतात आणि सार्वजनिक पैशातून घेतलेली वस्तू हळूहळू मातीमोल होते.

असा ढीग पाहून एखाद्या शिक्षकाच्या, तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्याच्या किंवा उत्साही कार्यकर्त्याच्या मनात साहजिकच विचार येतो की, यांतील दोन-चार यंत्रे उचलून दुरुस्त केली तर गरजू मुलांची सोय होईल. सडून जाण्यापेक्षा कोणाच्या उपयोगी पडलेले काय वाईट? हेतू चांगला आहे यात शंका नाही. परंतु चांगला हेतू आणि कायदेशीर कृती या दोन गोष्टी एक नव्हेत. सार्वजनिक संस्थेने बाजूला टाकलेला संगणक उचलून नेणे कायद्याच्या दृष्टीने काय ठरते, ते वैध रीतीने कसे करता येईल आणि असे ढीग साचू नयेत यासाठी संस्थांची जबाबदारी कोणती, याचा विचार येथे केला आहे.

‘टाकलेले’ म्हणजे ‘बेवारस’ नव्हे

या विषयातील बहुतेक गोंधळ एका शब्दामुळे होतो. तो शब्द म्हणजे ‘टाकून दिलेले’. व्यवहारात आपण ‘टाकलेली वस्तू’ आणि ‘कोणाचीच नसलेली वस्तू’ यांत भेद करीत नाही. कायदा मात्र तो कटाक्षाने करतो.

खाजगी मालकाला आपल्या वस्तूवरील हक्क सोडण्याची मुभा असते. एखाद्याने आपली फुटकी खुर्ची माळरानावर नेऊन टाकली आणि तिच्याशी आपला काहीही संबंध उरलेला नाही असे ठरविले, तर ती खुर्ची नेणाऱ्याने कोणाच्या कब्जातून काही नेले असे म्हणता येणार नाही. सार्वजनिक मालमत्तेची गोष्ट वेगळी आहे. शाळेचा संगणक मुख्याध्यापकांचा नसतो, पंचायतीचा संगणक सरपंचांचा किंवा ग्रामसेवकांचा नसतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार पंचायत ही स्वतंत्र निगम-निकाय आहे आणि मालमत्ता धारण करण्याचा अधिकार त्या निकायाचा आहे. पदाधिकारी व अधिकारी हे त्या मालमत्तेचे राखणदार होत. जी वस्तू आपली नाही तिच्यावरील हक्क सोडून देणे राखणदाराच्या हाती नसते. म्हणून एखाद्या अधिकाऱ्याने संगणक व्हरांड्यात काढून ठेवला, एवढ्यानेच तो बेवारस होत नाही. तो जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या ‘डेड स्टॉक रजिस्टर’मध्ये आहे, तोवर संस्थेचाच आहे. मग तो टेबलावर असो, माळ्यावर असो वा उकिरड्याशेजारी असो.

हा विचार केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये १९५७ साली निकाल लागलेल्या एका खटल्यात नगरपालिकेच्या सफाई कामगारांनी गोळा केलेल्या कचऱ्यातील विकण्याजोगे भंगार परस्पर विकले होते. कचराच तो, टाकून दिलेला, त्याची चोरी कशी होईल, असा त्यांचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. घरमालकाने कचरा पेटीत टाकला तो नगरपालिकेने न्यावा म्हणून. वाटेल त्याने न्यावा म्हणून नव्हे, आणि नगरपालिकेने उचलल्यावर तो नगरपालिकेचा झाला, असा त्या निर्णयाचा आशय होता. हे न्यायतत्त्व ध्यानात ठेवले की पुढील विवेचन सोपे होते.

चोरीची व्याख्या काय सांगते

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३ लागू झाली आहे. चोरीची व्याख्या तिच्या कलम ३०३ मध्ये असून ती जुन्या कलम ३७८ ची परंपरा पुढे चालविते. दुसऱ्याच्या कब्जातील जंगम वस्तू, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिकपणे घेण्याच्या उद्देशाने हलविणे म्हणजे चोरी. या व्याख्येतील तीन गोष्टी आपल्या विषयाशी निगडित आहेत.

पहिली गोष्ट कब्जाची. कायदा येथे मालकीपेक्षा कब्जा पाहतो. कलमाखाली दिलेल्या उदाहरणांत अंगठीची दोन उदाहरणे आहेत. राजरस्त्यावर पडलेली, कोणाच्याही कब्जात नसलेली अंगठी उचलणे ही चोरी नव्हे. मात्र तो अपहाराचा गुन्हा ठरू शकतो. उलट, घरातील टेबलावर ठेवलेली अंगठी ही घरमालकाच्या कब्जातच असते. शाळेच्या कुंपणाच्या आत, कार्यालयाच्या आवारात किंवा संस्थेच्या पेटीत असलेला संगणक या दुसऱ्या अंगठीसारखा आहे. त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसले तरी तो संस्थेच्या कब्जात आहे.

दुसरी गोष्ट अप्रामाणिकपणाची. कायद्याच्या परिभाषेत एकास गैरलाभ किंवा दुसऱ्यास गैरहानी व्हावी असा उद्देश म्हणजे अप्रामाणिकपणा. लाभ स्वतःलाच झाला पाहिजे असे नाही. त्यामुळे ‘माझ्या खिशात काही गेले नाही, मी दुसऱ्या शाळेला दिला’ हे उत्तर प्रत्येक वेळी पुरे पडत नाही. वस्तू परत करण्याच्या इराद्यानेही सुटका होत नाही. १९६३ च्या विधिवृत्तांतात प्रसिद्ध झालेल्या प्यारेलाल भार्गव खटल्यात अलवर येथील एका अधीक्षकाने शासकीय धारिका घरी नेऊन मित्राच्या हाती दिली होती व नंतर ती परत ठेवली होती. थोड्या काळापुरते वंचित करणे हेही हानी करणेच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी ठरविले आणि चोरीचा दोष कायम केला. संगणक ‘आठवडाभर पाहून परत आणतो’ म्हणून विनापरवानगी नेणाऱ्याने हा निर्णय अवश्य लक्षात ठेवावा.

तिसरी गोष्ट शिक्षेची. साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा देण्याची तरतूद नव्या संहितेत झाली आहे. जुन्या संगणकाची किंमत पुष्कळदा याहून कमी भरते, म्हणून ही सवलत आपल्याला लागू पडेल असे कोणास वाटेल. परंतु ती कलम ३०३ खाली आहे. शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या कोणत्याही मालमत्तेची चोरी ही नव्या संहितेच्या कलम ३०५ मध्ये वेगळी काढली असून तिला सात वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगितला आहे. जिल्हा परिषद, नगरपालिका व ग्रामपंचायत या स्थानिक प्राधिकरणेच होत. जुन्या संहितेत अशी तरतूद नव्हती. हा बदल अद्याप पुष्कळांच्या लक्षात आलेला नाही, म्हणून तो ठळकपणे सांगणे जरूर आहे.

लोकसेवकाची स्थिती याहून नाजूक आहे. ज्या वस्तूची राखण आपल्याकडे सोपविली आहे तिचाच त्याने अपहार केला, तर तो फौजदारीपात्र न्यासभंग ठरतो आणि कलम ३१६ नुसार त्याची शिक्षा आजन्म कारावासापर्यंत जाऊ शकते. नेलेली वस्तू चोरीची आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानण्यास सबळ कारण असून ती विकत घेणारा भंगारवालाही कलम ३१७ खाली दोषी ठरू शकतो.

परवानगी कोणाची?

‘शिपायाला विचारले, तो म्हणाला घेऊन जा’, असे समर्थन अनेकदा केले जाते. यासंबंधी संहितेने फार मार्मिक भेद केला आहे. संमती स्पष्ट असो वा गर्भित, ती कब्जा असलेल्या किंवा तसा अधिकार असलेल्या व्यक्तीने दिलेली असली पाहिजे. कलमाखालील एका उदाहरणात एक मनुष्य दुसऱ्याच्या पत्नीकडे भिक्षा मागतो. ती त्याला पैसे, अन्न व वस्त्र देते. वस्तू नवऱ्याच्या आहेत हे त्यास ठाऊक आहे. परंतु दान देण्याचा अधिकार पत्नीस असावा असे त्याला प्रामाणिकपणे वाटले, तर त्याने चोरी केलेली नाही.

तात्पर्य, फौजदारी दोष टळण्यासाठी देणाऱ्यास अधिकार असल्याचा समज प्रामाणिक असावा लागतो. बाहेरच्या विद्यार्थ्याला मुख्याध्यापकांनी स्वतः बोलावून संगणक दिला तर त्याचा समज प्रामाणिक मानला जाण्याचा संभव मोठा आहे. परंतु रखवालदाराला शासकीय वस्तू वाटण्याचा अधिकार नसतो हे कोणाही समंजस माणसास कळते. शिवाय कायद्यातील ‘सद्‌भाव’ म्हणजे नुसता भाबडेपणा नव्हे. योग्य ती काळजी व दक्षता न घेता केलेली कृती सद्‌भावाची मानली जात नाही. चार ओळींचे लेखी पत्र मागितले असते तर खरी स्थिती कळली असती, तेथे ते न मागणे हीच दक्षतेची उणीव ठरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुख्याध्यापकांनी किंवा सरपंचांनी दिलेली तोंडी परवानगी घेणाऱ्याचा दोष कदाचित सौम्य करील. पण देणाऱ्याचा दोष ती दूर करीत नाही. निर्लेखनाची प्रक्रिया पुरी न करता वस्तू देणारा अधिकारी लेखापरीक्षणाच्या वेळी उत्तरदायी ठरतोच.

निर्लेखनाची वाट

मग ही वस्तू संस्थेच्या मालकीतून वैध रीतीने बाहेर कशी पडते? त्याची वाट निर्लेखनातून जाते. केंद्र शासनाच्या कार्यालयांसाठी सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१७ ते २२३ यांत ती सविस्तर दिली आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांना मुंबई वित्तीय नियम, १९५९ व त्याखालील आदेश लागू होतात. जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांना १९६८ ची लेखासंहिता, तर ग्रामपंचायतींना त्यांचे लेखाविषयक नियम लागू आहेत. तपशिलात भेद असला तरी क्रम सर्वत्र बहुतांशी सारखा आहे. तो असा :

१. प्रत्यक्ष पडताळणी. नोंदवहीतील प्रत्येक वस्तू जागेवर आहे की नाही हे पाहणे. स्थावरेतर टिकाऊ वस्तूंची अशी पडताळणी वर्षातून निदान एकदा व्हावी, असे केंद्राचे नियम सांगतात.

२. वस्तू अतिरिक्त, कालबाह्य की निरुपयोगी हे ठरविणे. हा निर्णय सक्षम प्राधिकारी घेतो. त्यासाठी समिती नेमता येते. कारणे लेखी नोंदवावी लागतात. हयगयीमुळे किंवा खोडसाळपणामुळे वस्तू निकामी झाली असेल तर जबाबदारी निश्चित करावी लागते.

३. मूल्यनिर्धारण. पुस्तकी किंमत व हातची किंमत काढणे.

४. विल्हेवाट. केंद्राच्या नियमांनुसार उर्वरित मूल्य दोन लाख रुपयांहून अधिक असल्यास जाहीर निविदा किंवा जाहीर लिलाव करावा लागतो. त्याहून कमी असल्यास पद्धत सक्षम प्राधिकारी ठरवितो आणि ती ठरविताना माल साचू नये, जागा अडू नये व किंमत आणखी घसरू नये हे पाहावे, असे नियमातच म्हटले आहे.

५. विक्रीचा हिशेब, रकमेचा भरणा व नोंदवहीतून वस्तू कमी केल्याची स्वाक्षरीसह नोंद.

ग्रामपंचायतीत ही नोंद जडवस्तू संग्रह व जंगम मालमत्ता नोंदवहीत, म्हणजे नमुना १६ मध्ये होते आणि तिच्यामागे पंचायतीचा ठराव असावा लागतो. खाजगी अनुदानित शाळेत वस्तू चालक संस्थेच्या मालकीची असू शकते. तेथे संस्थेच्या कार्यकारी मंडळाचा ठराव हवा. मात्र शासकीय योजनेतून मिळालेल्या संगणकांबाबत योजनेच्या अटी प्रथम पाहाव्यात.

आणखी एका शंकेचे निरसन येथेच केलेले बरे. दोन नादुरुस्त यंत्रांचे भाग जोडून एक चालू करणे हा शाळांतील नेहमीचा उपक्रम आहे. एकाच संस्थेच्या आत असे करणे म्हणजे विल्हेवाट नव्हे. ती दुरुस्तीच आहे आणि ती स्वागतार्ह आहे. फक्त कोणत्या क्रमांकाच्या यंत्रातील कोणता भाग कोणत्या यंत्रात गेला, याची नोंद ठेवावी. अन्यथा पुढील पडताळणीत स्मृतिपट्टी किंवा हार्ड डिस्क नसलेला सांगाडा सापडतो आणि ज्याने शाळेचे काम केले त्याच शिक्षकावर संशय येतो.

विषारी कचऱ्याचे नियम

संगणक हा खुर्ची-कपाटासारखा साधा माल नाही. जुन्या, पाठीमागे फुगीर असलेल्या मॉनिटरच्या काचेत किलोभर किंवा त्याहूनही अधिक शिसे असू शकते. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या तर त्यांच्या प्लास्टिकच्या वेष्टणातून घातक वायू निघतात. सोन्याच्या लोभाने पट्ट्या आम्लात बुडविल्या की उरलेले पाणी गटारात व तेथून विहिरीत जाते.

म्हणून अशा मालासाठी स्वतंत्र नियम झाले. पहिले नियम २०११ साली होऊन १ मे २०१२ पासून अंमलात आले. २०१६ साली ते बदलले आणि ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. या नियमांनुसार वर्षात कधीही एक हजार किंवा त्याहून अधिक विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणारी संस्था ‘मोठा ग्राहक’ ठरते आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच सोपविला पाहिजे. विद्यापीठे, महानगरपालिका, मोठी रुग्णालये यांना हे सहज लागू होईल. एखाद्या खेड्यातील शाळा या संख्येत बसणार नाही. पण म्हणून तिने आपले संगणक दारावर येणाऱ्या भंगारवाल्यास द्यावेत असा त्याचा अर्थ नाही. नोंदणीवाचून असा कचरा मोडण्याचा व त्यातून धातू काढण्याचा धंदा करणे नियमबाह्यच आहे. तालुक्यातील शाळांनी व पंचायतींनी आपला माल एकत्र करून नोंदणीकृत व्यावसायिकास दिला तर वाहतूक परवडते आणि भावही बरा मिळतो. एम. एस. टी. सी. या केंद्र शासनाच्या कंपनीमार्फत संगणकावरून होणाऱ्या लिलावांचा मार्गही शासकीय कार्यालयांना मोकळा आहे.

यंत्र जाते, माहिती उरते

मालकी व कचरा यांहूनही गंभीर असा तिसरा प्रश्न आहे, तो यंत्राच्या पोटातील माहितीचा. शाळेच्या संगणकात विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, जात, आधार क्रमांक व शिष्यवृत्तीसाठी दिलेली बँकखाती असतात. पंचायतीच्या संगणकात करआकारणी, दाखले व लाभार्थ्यांच्या याद्या असतात. फाइल ‘डिलीट’ केली म्हणजे ती नाहीशी होत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी आणि पाने तशीच राहावीत, तसा तो प्रकार असतो. साध्या साधनांनी ही पाने पुन्हा वाचता येतात.

याचे फळ काय मिळते, हे इंग्लंडमधील ‘एन. एच. एस. सरे’ या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या उदाहरणावरून दिसते. जुने संगणक विनामूल्य नेण्याची तयारी एका कंपनीने २०१० साली दाखविली. हार्ड डिस्क नष्ट करावयाच्या आणि उरलेले उपयोगी भाग विकून कंपनीने आपला खर्च भागवावयाचा, असा तो व्यवहार होता. लेखी करार झाला नाही व नष्ट केल्याची खात्रीही कोणी नीट करून घेतली नाही. २०१२ च्या मे महिन्यात एका नागरिकाने बाजारातून घेतलेल्या जुन्या संगणकात सुमारे तीन हजार रुग्णांची माहिती आढळली; त्यांत मुलांची संख्या मोठी होती. तेथील माहिती आयुक्तांनी २०१३ साली दोन लाख पौंडांचा दंड ठोठावला. फुकट वाटलेली सोय किती महाग पडते, याचा हा बोलका दाखला आहे.

आपल्याकडेही कायद्याची चौकट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकातील माहिती पाहणे किंवा उतरवून घेणे यासाठी भरपाई द्यावी लागते, आणि तेच अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उचलून नेलेल्या संगणकातील फाइली कुतूहल म्हणून चाळणाराही या कलमांच्या जवळ जातो. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र अधिनियम संमत झाला असून त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे.

परंतु माहिती पुसण्याची घाई करण्यापूर्वी दुसरी बाजूही पाहावी. संगणकातील नोंद हाही सार्वजनिक अभिलेखच आहे. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकातून निर्माण झालेल्या सामग्रीचा त्यात स्पष्ट समावेश केला आहे, आणि महाराष्ट्राचाही या विषयावरील २००५ चा अधिनियम आहे. म्हणून क्रम असा असावा : प्रथम जतन करावयाच्या नोंदी दुसरीकडे उतरवून त्या उघडतात याची खात्री करावी, नंतर संपूर्ण डिस्कवर योग्य साधनाने पुनर्लेखन करून ती कोरी करावी, बंद पडलेली डिस्क असेल तर ती काढून घेऊन भौतिकरीत्या नष्ट करावी, आणि हे कोणी, केव्हा केले याचे प्रमाणपत्र धारिकेस जोडावे. नव्या पद्धतीच्या, फिरती तबकडी नसलेल्या डिस्कसाठी उत्पादकाने दिलेली पुसण्याची आज्ञा वापरावी, कारण तेथे साधे पुनर्लेखन पुरेसे ठरत नाही.

वैध मार्गाने संगणक हवा असेल तर

जुन्या यंत्रांना पुन्हा कामास लावू इच्छिणाऱ्यास कायदा अडवीत नाही. तो फक्त दाराने येण्यास सांगतो. अशा व्यक्तीने किंवा संस्थेने पुढीलप्रमाणे वागावे.

संस्थाप्रमुखाच्या नावे लेखी अर्ज करावा. कोणते संगणक, कशासाठी व कोठे वापरावयाचे, ते लिहावे. संगणक नोंदवहीतून निर्लेखित झाले आहेत काय, अशी विचारणा त्यातच करावी. उत्तर न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार निर्लेखनाच्या नोंदींची प्रत मागता येते आणि त्यासाठी सामान्यतः तीस दिवसांची मुदत आहे. लिलाव जाहीर झाला असेल तर त्यात बोली लावावी. सक्षम प्राधिकाऱ्याने एखाद्या शैक्षणिक संस्थेस यंत्रे हस्तांतरित करण्याचे ठरविले, तर यंत्रांचे अनुक्रमांक असलेली हस्तांतर-यादी, दोन्ही बाजूंच्या स्वाक्षऱ्या आणि माहिती पुसल्याचे प्रमाणपत्र, ही तीन कागदपत्रे घेतल्यावाचून वस्तू हलवू नये.

यंत्र हाती आल्यावर त्यातील जुन्या सॉफ्टवेअरचा परवाना आपल्याकडे आला असे गृहीत धरू नये. मुक्त परवान्याची प्रणाली बसविणे हा निर्धोक मार्ग आहे. संगणकात पूर्वीच्या संस्थेची माहिती आढळली तर ती न उघडता संस्थेस तत्काळ लेखी कळवावे. आणि दुरुस्ती शिकविणाऱ्या शिक्षकांनी मुलांना हेही सांगावे की, वीजपुरवठ्याच्या पेटीतील व जुन्या मॉनिटरमधील धारित्रांत तार काढल्यानंतरही विजेचा भार शिल्लक राहतो. जाणत्याच्या देखरेखीवाचून ती उघडू नयेत.

संस्थांचे कर्तव्य

आतापर्यंत उचलणाऱ्याच्या जबाबदारीचा विचार झाला. परंतु न्यायाने पाहता मोठी जबाबदारी संस्थेचीच आहे. संगणक पाच-सात वर्षे व्हरांड्यात पडून राहतो तेव्हा कायद्याने तो संस्थेचा असतो खरा. पण लोकांच्या नजरेत ती मालकी दिवसेंदिवस फिकी होत जाते. निर्लेखनाचा प्रस्ताव पुढच्या अधिकाऱ्यावर सोडून देण्याची सवय, लेखापरीक्षणात काही निघेल ही धास्ती आणि ‘असू दे, जागा आहे’ ही वृत्ती, यांतून असे ढीग तयार होतात. पहिल्या वर्षी जो संगणक दुसऱ्या शाळेत चालला असता, तो पाचव्या वर्षी भंगारच्या भावानेही जात नाही. वस्तू चोरीस गेली तर नुकसान दिसते. ती जागेवर कुजली तर दिसत नाही, एवढाच काय तो फरक. जनतेच्या दृष्टीने दोन्ही नुकसानेच आहेत.

यासाठी प्रत्येक कार्यालयाने, शाळेने व पंचायतीने काही साध्या गोष्टी अंगवळणी पाडाव्यात. वार्षिक पडताळणीच्या वेळीच कालबाह्य यंत्रांची यादी वेगळी काढावी. अशी यंत्रे कुलूपबंद जागेत ठेवून त्यांवर ‘निर्लेखनाधीन – हलवू नये’ अशी चिठ्ठी लावावी. त्यामुळे कोणाचाही गैरसमज होणार नाही आणि निरपराध माणूस अडचणीत येणार नाही. प्रस्ताव त्याच आर्थिक वर्षात सक्षम प्राधिकाऱ्यापुढे जावा. मासिक सभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीत त्याचा आढावा घ्यावा. दुरुस्त होण्याजोगी यंत्रे आणि केवळ कचरा यांची वर्गवारी तंत्र जाणणाऱ्याकडून करून घ्यावी, म्हणजे चांगले यंत्र भंगारात जाणार नाही.

एखाद्या विद्यार्थ्याने अज्ञानाने असे यंत्र उचलले असेल, तर प्रसंग तारतम्याने हाताळणेही संस्थेच्या प्रमुखांचे कर्तव्य आहे. यंत्र परत घेऊन, नोंद करून, त्याला योग्य मार्ग दाखविणे आणि गरज पडल्यास शाळेच्याच दुरुस्तीच्या कामात त्याला सामील करून घेणे पुष्कळदा अधिक हिताचे ठरते. मात्र टोळीने भाग काढून विकणे किंवा आतील माणसाने संगनमत करणे, हे प्रकार पोलिसांकडेच गेले पाहिजेत.

सार्वजनिक वस्तू निरुपयोगी झाली म्हणून तिच्याविषयीचे उत्तरदायित्व संपत नाही. खरेदीच्या वेळी जसा ठराव, निविदा व पावती लागते, तशीच निरोपाच्या वेळी पडताळणी, निर्लेखन व नोंद लागते. ही शिस्त पाळली गेली तर टाकाऊ ठरलेल्या यंत्रांपैकी कितीतरी यंत्रे पुन्हा मुलांच्या हाती वैध रीतीने जातील, विषारी कचरा ओढ्या-नाल्यांत जाणार नाही, नागरिकांची माहिती बाजारात फिरणार नाही आणि सद्‌हेतूने पुढे आलेल्या माणसास चोर म्हणवून घेण्याची पाळी येणार नाही.